आजीचा बटवा आणि चार प्रश्न



आपल्याकडे आजारी माणसाला एक गोष्ट भरपूर आणि फुकट मिळते, ती म्हणजे सल्ला. दोन शिंका आल्या की घरातलं कुणीतरी आलं ठेचायला घेतं. शेजारच्या काकू गवती चहाची पात आणून देतात. कचेरीतला सहकारी ओव्याची धुरी घ्यायला सांगतो, तर फोनवरून मावशी बजावते, ‘ते काही नको, रात्री हळद घालून दूध घे आणि पांघरूण घेऊन झोप.’ प्रत्येकाकडे आपल्या उपायाचा साक्षीदारही असतो. ‘आमच्या मोठ्याला एका रात्रीत गुण आला होता!’ यात प्रेम असतं, काळजी असते, आणि थोडासा अभिमानही असतो.

मी गेली अठ्ठावीस वर्षं एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. समोर पेशंट येऊन बसला की मी पहिल्यांदा विचारते, ‘काय होतंय?’ आणि लगेच दुसरा प्रश्न विचारते, ‘घरी काय काय करून झालं?’ या दुसऱ्या प्रश्नाला बायका आधी एकमेकींकडे बघतात. डॉक्टर आता रागावणार, असं त्यांना वाटत असतं. मग हळूहळू यादी बाहेर येते. तुळशीचा काढा दिला, छातीला लसणीचं तेल लावलं, बेंबीत हिंग घातला. ही यादी मला फार उपयोगी पडते. आजार किती दिवसांचा आहे, घरचे किती घाबरलेत, पोटात काय काय गेलंय, हे सगळं त्यातून कळतं. डॉक्टर रागावले तर ही यादी सांगितलीच जात नाही, उपाय मात्र चालूच राहतात.

म्हणून आज मी घरगुती औषधांची टिंगल करायला आलेली नाही. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायलाही आलेली नाही. आजीच्या बटव्यातलं काय ठेवावं, काय काढून टाकावं आणि ते ठरवायचं कसं, एवढ्यापुरतंच बोलायचं आहे.

गुण कशाने आला?

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. घरगुती औषधांच्या बाबतीत ती पदोपदी आठवते. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपण बरी होते. सर्दीनंतरचा खोकला कधी दोन-तीन आठवडेही रेंगाळतो आणि मग थांबतो. बहुतेक जुलाब तीन-चार दिवसांत आटोक्यात येतात. आता माणूस औषध केव्हा घेतो? त्रास अगदी असह्य झाला की. म्हणजे आजाराने टोक गाठलेलं असतं आणि तो उतरणीला लागायच्या बेतात असतो. नेमका तेव्हा आपण काढा घेतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. श्रेय काढ्याला!

हे फक्त काढ्याचं नाही बरं का. आम्हा डॉक्टरांच्या औषधांचंही असंच होतं. विषाणूंनी होणाऱ्या सर्दीवर अँटिबायोटिक गोळ्या काही काम करत नाहीत. तरी ‘त्या लाल-पिवळ्या गोळीनेच मला गुण येतो’ असं सांगणारे पेशंट रोज भेटतात. ‘सुई टोचल्याशिवाय ताप उतरत नाही’ म्हणणारेही भेटतात. शरीर स्वतःच बरं होत असतं, आणि शेवटी जो हजर असतो त्याच्या गळ्यात हार पडतो.

काविळीचं उदाहरण घ्या. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे गावोगावी काविळीचं खात्रीचं औषध देणारे असतात, आणि त्यांच्याकडे बरे झालेले शेकडो पेशंटही असतात. कुठे कडू दोडक्याचा थेंब नाकात घालतात. नाकातून पिवळं पाणी वाहतं. कुठे हाताला आंब्याच्या सालीचा रस लावतात आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात. पाणी पिवळं होतं आणि ‘कावीळ उतरली’ असं सांगतात. नाकातून पाणी येतं ते आतल्या नाजूक त्वचेची आग झाल्यामुळे, आणि चुन्याचं पाणी पिवळं होतं ते सालीच्या रसामुळे. कावीळ नसलेल्या माणसाने हात धुतले तरी ते पिवळंच होणार.

‘यात बिघडलं काय? माणूस बरा तर झाला!’ असं कुणी म्हणेल. शंभरातल्या पुष्कळांचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते उरलेल्या थोड्यांचं. गरोदरपणात ‘ई’ प्रकारची कावीळ झाली तर ती आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. कुणाची कावीळ पित्ताच्या नळीत खडा अडकल्याने झालेली असते. कुणाला ‘ब’ किंवा ‘क’ प्रकारची असते, ती वर्षानुवर्षं यकृत पोखरत राहते. डोळे सगळ्यांचे सारखेच पिवळे दिसतात. कुठली कावीळ आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि चुन्याचं पाणी ती तपासणी करत नाही.

विंचवाचंही तेच. विंचू चावल्यावर मंत्राने किंवा पाल्याने विष उतरतं, अशी श्रद्धा होती, कारण पुष्कळदा नुसती आग होते आणि ती काही तासांनी आपणच ओसरते. पण कोकणातला लाल विंचू हृदयावर घाव घालतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी असे रुग्ण रात्ररात्र बसून पाहिले, नोंदी ठेवल्या, आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाचा त्यात उपयोग होतो, हे दाखवून दिलं. त्यानंतर या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. मंत्र टाकणाऱ्यानेही रात्ररात्र जागून काढली असेल. फरक एवढाच की डॉक्टरांनी न वाचलेल्या रुग्णांचाही हिशेब ठेवला. आपण मात्र वाचलेल्यांचीच गोष्ट सांगत राहतो.

बटव्यात ठेवावं असं

आता बटव्यातल्या चांगल्या गोष्टींकडे वळू. त्या काही थोड्या नाहीत.

दात दुखतो तेव्हा आपण लवंग धरतो. लवंगेत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, ते दुखरी जागा बधिर करतं. दंतवैद्यही दातात भरायच्या काही मिश्रणांत युजेनॉल वापरतात. पण लवंगेने दुखणं थांबतं, कीड थांबत नाही. तेव्हा लवंग ही दंतवैद्याकडे जाईपर्यंतची सोबत समजावी. घसा दुखताना मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या जरूर कराव्यात. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, हे गरोदर स्त्रियांवरच्या अभ्यासांतही दिसलं आहे. एक वर्षाच्या वरच्या मुलांना रात्रीच्या खोकल्यात चमचाभर मधाने थोडा आराम पडतो, हेही अभ्यासांत आढळलं आहे. बद्धकोष्ठाला इसबगोल तर आम्हीच लिहून देतो.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट साखर-मिठाच्या पाण्याची. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचं मोजून पाणी तयार करवलं, ते पिंपांमध्ये भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. छावणीत शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. पाजणारे हात होते आयांचे, बहिणींचे, भावांचे. घरातल्या माणसाच्या हातून दिलेल्या औषधाने इतके जीव वाचल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता आपल्या घरांकडे बघा. जुलाब झाले की तांदळाची पेज मीठ घालून द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. ती चांगलीच होती. तांदळाच्या पिठापासून केलेलं जलसंजीवनीचं पाणीही उपयोगी ठरतं, हे पुढे अभ्यासांतून सिद्ध झालं. पण त्याच घरात दुसरी एक रीत होती. ‘पाणी पाजलं की जुलाब वाढतात’ म्हणून बाळाचं पाणी तोडायचं, कुठे कुठे आईचं दूधही बंद करायचं. या रीतीने किती मुलं गेली असतील, त्याची मोजदाद नाही. दोन्ही रीती जुन्या, दोन्ही आजीकडूनच आलेल्या. एक तारणारी, दुसरी मारणारी. म्हणून ‘परंपरा चांगली की वाईट?’ हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. कुठली रीत, हे विचारावं लागतं.

पाणी करायची पद्धत सांगते, लिहून ठेवा. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शीग लावून भरायचा नाही. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. चव घेऊन पाहावी. ते आपल्या अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. ओआरएसचं पाकीट मिळालं तर ते अधिक चांगलं, आणि त्यासोबत मुलाला चौदा दिवस झिंकची गोळी द्यायला आरोग्यसेविका सांगते, तीही द्यावी.

जुनं आहे म्हणजे सिद्ध आहे?

हळदीची एक गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्या लढाईत सिद्ध काय झालं? हळदीचा हा वापर नवा नाही, आमच्याकडे तो पूर्वीपासून आहे, एवढंच. कुठल्या जखमेवर हळदीचा किती गुण येतो, हा तिथे प्रश्नच नव्हता. एखादी गोष्ट आपली असणं वेगळं आणि ती गुणकारी असणं वेगळं. खोल जखमेत, गंजका खिळा लागल्यावर हळद दाबून भरली तर धनुर्वात टळत नाही. तिथे जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि इंजेक्शन घ्यायचं.

गुणाची परीक्षा घेणारेही आपल्यातच झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. कुठली वनस्पती, किती मात्रा, कुठल्या रुग्णांना, हे सगळं ठरवून, मोजून. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या आणि शस्त्रक्रिया व्हायच्या रुग्णांना ती देऊन त्यांनी परिणाम तपासले. श्रद्धेनेही नाही आणि तुच्छतेनेही नाही, असा तो अभ्यास होता.

आणि २०२० साली काय झालं? करोनाच्या भीतीने घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. कुणी महिनोन्महिने घेतला, कुणी कुंपणावरचा कुठलाही वेल तोडून आणला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी असा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे २०२२ मध्ये देशातल्या इतर केंद्रांकडूनही अशा नोंदी आल्या. यात कोण बरोबर, यावर तज्ज्ञ बोलतील. पण हा वादच आपल्याला काही शिकवतो. वेल कुठला, किती घ्यायचा, किती दिवस घ्यायचा, हे न विचारता घेतलेल्या औषधाला ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचवू शकत नाही. धोतराही नैसर्गिकच आहे आणि कण्हेरही.

दुधीच्या रसाचं उदाहरण याहून बोलकं आहे. दिल्लीत २०१० मध्ये एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. नंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस पिऊ नये, असं बजावून सांगितलं. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. आता आठवा, आपल्या आया-आज्या दुधी चिरताना काय करायच्या? आधी टोकाची एक फोड जिभेला लावून बघायच्या. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्यायच्या. काकडीचंही तसंच. ही केवढी मोठी तपासणी होती! रसाचा सल्ला देणाऱ्यांनी ‘दुधी हृदयाला चांगला’ एवढंच पुढे पाठवलं. जिभेला लावून बघायचं मागेच राहिलं. उलट कडू लागलं तर ‘औषध कडूच असतं’ म्हणून लोक डोळे मिटून पेला रिकामा करतात.

बाळगुटीचंही तसंच आहे. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड सहाणेवर उगाळायचं. पण किती? जाणती बाई वळसे मोजायची. हिरड्याचे एवढे, जायफळाचा मात्र एकच, तोही हलका. जायफळ जास्त झालं की बाळाला गुंगी येते, हे तिला ठाऊक होतं. तो वळसा म्हणजे तिचं मापच होतं. आता बाजारातून तयार पूड येते, चमच्याने दिली जाते, आणि वळसा नाहीसा झाला. आजचं वैद्यकशास्त्र तर सांगतं की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काहीच नको, पाणीसुद्धा नको. सहाण आणि हात नीट धुतलेले नसले तर गुटीबरोबर जंतू पोटात जातात. त्यात मध मिसळला तर आणखी धोका. मधात असणारे काही जंतू मोठ्यांना काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. बारशाला नाही, आणि सोन्याच्या अंगठीने तर मुळीच नाही.

लहान बाळांच्या बाबतीत आणखी चार गोष्टी सांगते. नाका-कानात तेल घालू नका. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरतं. बेंबीला काही लावू नका, ती कोरडी ठेवा. डोळ्यांत काजळ-सुरमा घालू नका. बाजारच्या काही सुरम्यांत शिसं सापडलं आहे. आणि सर्दीसाठी कापूर लावू नका. कापूर बाळाच्या त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाऊन झटके आणू शकतो. ओव्याची कोमट पुरचुंडी जवळ ठेवायची असेल तर ठेवा, पण आधी ती आपल्या मनगटावर टेकवून पाहा, आणि त्यात कापूर नको.

थांबलेलं इन्शुलिन

माझ्या दवाखान्यात घडलेला एक प्रसंग सांगते. चौदा वर्षांचा मुलगा. त्याला लहानपणापासूनचा मधुमेह, म्हणजे शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही असा. दिवसातून तीन-चारदा सुई टोचून घ्यावी लागे. ते बघून कुठल्या आईबापाचं काळीज हलणार नाही? लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी वडिलांना सांगितलं, ‘कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू करा. इन्शुलिनची गरजच राहणार नाही. काही अपाय नाही त्याने.’ वडिलांनी उपाय सुरू केला आणि सुया थांबवल्या.

चौथ्या दिवशी पोराला माझ्याकडे उचलूनच आणलं. उलट्या, कोरडी पडलेली जीभ, खोल खोल धाप, आणि श्वासाला पिकल्या फळासारखा वास. रक्तातली साखर मापक यंत्राच्या पलीकडे गेलेली. सलाईन लावून, १०८ ची गाडी बोलावून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून तो परत आला. आज तो शिकतो आहे, स्वतःची सुई स्वतः घेतो.

श्रोतेहो, कारल्यात विष नव्हतं आणि जांभळातही नव्हतं. अपाय झाला तो औषध थांबवल्यामुळे. आणि त्या गृहस्थांना हे कळलंही नसेल. ते कदाचित अजूनही कुठल्यातरी पंगतीत तोच उपाय सांगत असतील, कारण त्यांच्या मते त्यांचा एकही पेशंट परत तक्रार घेऊन आलेला नाही.

पूर्वी उपाय सांगणारी आजी चार घरं पलीकडे राहायची. पोराचं वय, अंगकाठी तिला माहीत असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात यायची, ‘काय गं, रात्री झोपलं का? शी झाली का?’ असं विचारायची. गुण नाही असं दिसलं तर तीच म्हणायची, ‘आता डॉक्टरांकडे ने बाई.’ आता उपाय मोबाईलवर येतो. पाठवणाऱ्याला तुमचं वय माहीत नाही, तुमच्या गोळ्या माहीत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तो विचारायला येत नाही. तो फक्त सांगतो, ‘हा संदेश दहा जणांना पाठवा.’

ते चार प्रश्न

म्हणून कुणी उपाय सांगितला, किंवा तुम्ही कुणाला सांगायला निघालात, तर चार प्रश्न विचारा.

पहिला, कुणासाठी? तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेला, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारा, यांच्यासाठी मोठ्यांचा उपाय चालेलच असं नाही.

दुसरा, काय, किती आणि किती दिवस? याचं उत्तर ‘काहीतरी पाला’ आणि ‘थोडंसं’ असं असेल तर तो उपाय नको. न्याहरीच्या कपात न मावेल तेवढं काहीही ‘थोडंसं’ नसतं. आणि सांधेदुखीची, दम्याची नाव नसलेली पुडी तर कधीच नको. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी उघड झालं आहे. चार दिवस जादूसारखं बरं वाटतं आणि पुढे हाडं, साखर, रक्तदाब सगळं बिघडतं.

तिसरा, यासाठी काही थांबवायचं आहे का? इन्शुलिन, रक्तदाबाची गोळी, फिट्सचं औषध, क्षयाचं औषध बंद करायला सांगणारा सल्ला घरात घेऊच नका.

चौथा, वाट कधीपर्यंत पाहायची? हा सगळ्यांत महत्त्वाचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर वाट पाहायचीच नाही. श्वास जोरात चालतोय, छाती आत ओढली जातेय, बाळ पीत नाही, सुस्त पडलंय, लघवी कमी झालीय, शौचात रक्त आहे, ताप येऊन मान ताठ झालीय, छातीत कळ येतेय, गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसताहेत, तर काढा ठेवायचा चुलीवर आणि निघायचं. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकी तपासायची. सर्पदंशाला तर घरगुती उपायच नाही. चिरा द्यायचा नाही, घट्ट बांधायचं नाही, पाला लावायचा नाही; माणसाला शांत आणि शक्यतो न हलवता ठेवून प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात लगेच न्यायचं. आणि भाजलं तर टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतलं काहीही नको. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, बर्फ लावायचा नाही, आणि स्वच्छ कापड सैलसर टाकायचं.

घर आणि विज्ञान यांचं वैर आहे, असं कुणी समजू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ बघायला, वजन करायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये तो अभ्यास ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि आज देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळाला बघायला घरी येतात, त्यामागे हेच काम आहे. उपचार घरातच झाला, बायकांच्याच हातांनी झाला. फक्त त्या हातांत घड्याळ आणि वजनकाटा होता, आणि रुग्णालयात कधी न्यायचं हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा गवती चहा जरूर प्या. मीही पिते. शेजारणीला पातही नेऊन द्या. मात्र तिच्या पोराचं वय विचारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात जाऊन ‘कसा आहे आता?’ एवढं नक्की विचारा. उत्तर ‘तसाच आहे’ असं आलं, तर तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)